अनुभव धागा: इंग्रजी शब्द पाठ होतात, पण टिकत नाहीत. तुम्ही काय केलंत?

माझी मुलगी नववीत आहे, भांडुपच्या मराठी शाळेत, सेमी इंग्रजीला. सहामाहीत इंग्रजीच्या पेपरात तिला उतारा नीट समजला होता, पण खालच्या प्रश्नातला 'इन्फर' हा शब्द अडला आणि तिने दोन प्रश्न कोरे सोडले. घरी येऊन म्हणाली, "आई, मला उत्तर येत होतं गं, प्रश्नच येत नव्हता."

तेव्हापासून मी फ्रिजवर रोज १० शब्दांची यादी लावते. रविवारी सगळे ७० विचारले तर अकरा-बारा आठवतात. ती रडकुंडीला येते आणि मलाही वाईट वाटतं. माझं स्वतःचं शिक्षण मराठीतून झालंय, ऑफिसात इंग्रजीची पत्रं मी अजून दोनदा वाचून पाठवते.

पुढच्या वर्षी दहावी. मराठी शाळेतून शिकून ज्यांनी इंग्रजी शब्द कमावले, किंवा मुलांकडून करून घेतले, त्यांनी काय केलं, काय फसलं, ते सविस्तर लिहा. ॲपची नावं नकोत, ती मिळतात. अनुभव हवेत.

•

वरळी, बीडीडी चाळ. वय ५८.

ताई, मी १९८३ ला दहावी झालो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. (पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं.) वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी नववीत होतो. क्लासचा प्रश्नच नव्हता. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सातजण, म्हणून संध्याकाळी जेवून अभ्यास गल्लीत जायचो. बाहेरच्यांना सांगतो, वरळीत खरोखर या नावाची गल्ली आहे. दिव्याखाली बाकावर, कट्ट्यावर, चटई टाकून पोरं अभ्यासाला बसतात. माझ्या आधीच्या पिढीने तिथे अभ्यास केला आणि माझ्या पुतण्यानेही.

माझ्याकडे रद्दीतून आणलेली डिक्शनरी होती. पुठ्ठा नाही, 'एस'नंतरची पानं नाहीत. मी ती 'ए'पासून पाठ करायला घेतली. दोन महिन्यांत 'सी'पर्यंत पोहोचलो आणि 'ए'मधलं सगळं विसरलो.

गल्लीत बी.ए. करणारा एक दादा बसायचा. त्याने वही बघितली आणि म्हणाला, अर्थ लिहू नकोस. प्रत्येक शब्दावर आपल्या चाळीतलं एक खरं वाक्य लिही. खोटं वाक्य चालणार नाही.

त्या वर्षी खऱ्या वाक्यांना तोटा नव्हता. मंडळाच्या वाचनालयात इंग्रजी पेपर यायचा, संपाच्या बातम्या रोज असायच्या. 'अ‍ॅरिअर्स' म्हणजे थकबाकी हे मला पाठ करावं लागलं नाही, घरात रोज तोच विषय. 'रिलक्टंट' या शब्दावर मी लिहिलं होतं की बाबा मोर्चाला जायला रिलक्टंट नसतात, संध्याकाळी घरी यायला असतात. दादाने ते वाचलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, हा शब्द आता तुझा.

त्या वहीत साधारण ४०० शब्द झाले. दहावीला इंग्रजीत ६४ मिळाले, तेव्हा आमच्या मजल्यावर ते खूप होते. वही अजून आहे. तुमच्या मुलीला १० नकोत, रोज ३ द्या. पण वाक्य तिचं आणि खरं पाहिजे.

•

माटुंगा. निवृत्त शिक्षिका, ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं.

वरळीच्या दादांनी मुळावर बोट ठेवलंय. मी त्याच्या पुढचं सांगते.

पहिलं तुमच्या 'इन्फर'बद्दल. पेपरात अडणारे शब्द बहुधा उताऱ्यातले नसतात, प्रश्नातले असतात. आणि ते मोजके असतात. मुलीला सांगा, हे सगळे प्रश्न तुला मराठीत पहिल्यापासून येतात. 'जस्टिफाय' म्हणजे विधानाचं समर्थन करा. 'डिस्टिंग्विश' म्हणजे फरक स्पष्ट करा. 'इलस्ट्रेट' म्हणजे सोदाहरण स्पष्ट करा, 'एन्युमरेट' म्हणजे यादी द्या, 'इन्फर' म्हणजे दिलेल्या माहितीवरून अनुमान काढा. असे वीस-पंचवीस शब्द आधी पक्के करा. ते सगळ्या विषयांच्या पेपरात येतात, फक्त इंग्रजीच्या नाही.

दुसरं, मराठी येणाऱ्या मुलाकडे अर्धी किल्ली आधीच असते. आपला 'दुर्' आणि ग्रीकमधून आलेला 'डिस्' ही सख्खी भावंडं आहेत. दुर्दशा, दुर्गंध म्हणणाऱ्या मुलाला 'डिस्लेक्सिया', 'डिसेंट्री' यांच्या सुरुवातीलाच कळतं की काहीतरी बिघडलेलं आहे. दंत आणि 'डेंटल', पाद आणि 'पेडेस्ट्रियन', मृत आणि 'मॉर्टल', नव आणि 'नॉव्हेल्टी'. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात हे विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडलं. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जोड्या शोधायला लागायची. आणि 'मुंगूस'? तो तर इंग्रजांनी आपल्याकडूनच नेला. 'माँगूस' हा मूळ मराठी शब्द आहे म्हटल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होत.

तिसरं जरा कळकळीने सांगते, कारण यात मी मुलांचं नुकसान होताना पाहिलंय. 'अ‍ॅडव्हान्स्ड' शब्द वापरले की मार्क वाढतात असं कुणीतरी सांगतं आणि मुलं समानार्थी शब्दांच्या याद्या घेऊन बसतात. एका हुशार मुलाने निबंधात लोकमान्य टिळकांना 'नोटोरिअस' लिहिलं. यादीत 'फेमस'च्या शेजारी तो शब्द होता, पण त्याचा अर्थ कुप्रसिद्ध. एका मुलीने आजीच्या भाकरीच्या वासाला 'ओडर' म्हटलं. आजोबांना 'चाइल्डलाइक'ऐवजी 'चाइल्डिश' करणारे तर दरवर्षी भेटायचे. मूल निबंधात जीव ओतून लिहितं आणि एका शब्दाने सगळं उलटं होतं. म्हणून शब्द सुटा शिकवू नका. त्याच्या सोबतीचा शब्दही शिकवा.

मी फळ्यावर 'कडक' लिहायचे. मराठीत चहा कडक, ऊन कडक, शिस्त कडक, इस्त्री कडक, लाडूही कडक. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग', ऊन 'स्कॉर्चिंग', शिस्त 'स्ट्रिक्ट', कपडा 'स्टिफ', लाडू 'हार्ड'. मग 'लागणे' घ्यायचे: भूक लागली, वेळ लागला, ठेच लागली, नाद लागला, नोकरी लागली. एकेकासाठी इंग्रजीत वेगळं क्रियापद. एका तासात पंधरा शब्द व्हायचे, आणि ते विसरलेलं मूल मला आठवत नाही. घरी करून बघा, 'बसणे' आणि 'सुटणे' हेही चांगले आहेत.

•

मुलुंड.

आम्ही फक्त लोकल वापरली. मुलगा आणि मी रोज दादरपर्यंत एकत्र जायचो. रूळ ओलांडू नका या पाटीवर 'ट्रेसपास' असतं, तो त्याचा पहिला शब्द. रेल्वे कायद्याचं कलम १४७ त्याला सातवीतच पाठ होतं. मग 'पेनल्टी', 'प्रोहिबिटेड', 'अलाइट', 'ऑब्स्ट्रक्ट'. रोज दिसतात, त्यामुळे उजळणी आपोआप होते. एवढंच.

•

घाटकोपर. अकरावी सायन्स.

मी यंदाच मराठी माध्यमातून दहावी झाले, सेमी नाही, पूर्ण मराठी. कॉलेजचे पहिले तीन आठवडे मी घरी येऊन रडायचे. फिजिक्सच्या तासाला सर 'कन्व्हर्जंट' म्हणाले आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मी शेजारणीला विचारायलाही लाजले.

घरी जुनं विज्ञानाचं पुस्तक काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. 'कन्व्हर्जंट' म्हणजे अभिसारी, 'डायव्हर्जंट' म्हणजे अपसारी. हे तर मला इतरांपेक्षा चांगलं येत होतं! आमचे मराठी शब्द अवघड म्हणून सगळे हसतात, पण त्यांच्यात अर्थ उघडा दिसतो. 'फोटो' प्रकाश, 'सिंथेसिस' संश्लेषण. 'थर्मो' ताप, 'मीटर' मापी. 'सेंट्रिपेटल' अभिकेंद्री. 'आयसोसेलिस'मध्ये ग्रीकमधले 'समान पाय' आहेत, म्हणजे आपला समद्विभुज. 'हायड्रोजन'मधला 'जन' आणि आपल्या जन्मातला 'जन्' मुळात एकच आहेत हे कळलं त्या दिवशी मी आईला उठवून सांगितलं.

आता माझ्या वहीत तीन रकाने आहेत: इंग्रजी शब्द, मराठी पारिभाषिक शब्द, आणि तो शब्द विज्ञानाबाहेर कुठे भेटला. 'डायव्हर्ज' मला इंग्रजीच्या उताऱ्यात मतांबद्दल भेटला आणि लगेच कळला. काकू, तुमच्या मुलीला सांगा, मराठी पुस्तकं रद्दीत देऊ नको.

•

चिंचपोकळी. मुलगा आठवीत.

७० पैकी १२ का राहतात, याचं उत्तर जुनं आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवर प्रयोग केले आणि १८८५ साली मांडलं की विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, मग मंदावतं. म्हणजे रविवारपर्यंत थांबलात तर बरंच हातचं गेलेलं असतं.

आमच्याकडे मिठाईचे ५ रिकामे बॉक्स आहेत. शब्द चिठ्ठीवर, मागे अर्थ आणि वाक्य. पहिला बॉक्स रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार दिवसांनी, असं वाढत जातं. आला तर चिठ्ठी पुढच्या बॉक्सात, चुकला तर परत पहिल्यात. ही पद्धत लाइटनर या जर्मन लेखकाची, माझी नाही. मुलाला चिठ्ठी पुढे सरकवण्याचं समाधान मोठं वाटतं. रोज १५ मिनिटं, जास्त नाही.

•

गोरेगाव.

मी थोडी वेगळी बाजू मांडते. माझ्या मुलीने पाचवीला शिष्यवृत्ती दिली. दुसऱ्या पेपरात तृतीय भाषा इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण. तिथे प्राण्यांची पिल्लं, समूहवाचक शब्द, विरुद्धार्थी असं येतं. ते पाढ्यांसारखं पाठच करावं लागतं, त्याला खरं वाक्य वगैरे करत बसलात तर अभ्यास संपणार नाही. स्पेलिंगचंही तसंच. 'डेझर्ट' वाळवंट की गोड पदार्थ हे एक 'एस' की दोन यावर ठरतं, ते घोकूनच बसतं. यादीला इतकं वाईट म्हणू नका.

•

विक्रोळी. पोळीभाजी केंद्र चालवते.

मी दहावी २०१९ ला झाले, ४१ व्या वर्षी, रात्रशाळेतून. त्या वर्षी कृतिपत्रिका नवीन होती. एका मोठ्या शब्दातल्या अक्षरांपासून चार शब्द करा, शब्दसाखळी पूर्ण करा, असलं काही मी आयुष्यात केलं नव्हतं. दिवसाला ३०० पोळ्या लाटून वाचायला कुठे बसणार?

मग मी सामान बघायला लागले. तेलाच्या डब्यावर 'एडिबल' लिहिलेलं असतं, वीस वर्षं तो डबा उचलला आणि कधी वाचलं नव्हतं. 'इंग्रेडिअंट्स', 'प्रिझर्व्हेटिव्ह', 'पेरिशेबल', 'कंटेन्स'. कामाला दोन बायका आहेत, त्यांच्याबरोबर लाटता लाटता शब्दसाखळी खेळायचो. मी 'ऑइल' म्हणायचे, पुढची 'एल'वरून 'लेमन', मग 'एन'वरून 'नूडल्स'. त्यांच्यातली एक चौथी शिकलेली. ती आता डब्यांवरची नावं इंग्रजीत लिहिते.

पेपरात शब्दसाखळीचे पूर्ण मार्क मिळाले. इंग्रजीत ५२. मोठे शब्द मला अजून येत नाहीत, पण जे येतात ते हाताखालचे आहेत.

•

भांडुप. धागा सुरू करणारी मीच.

सगळ्यांचं वाचलं, काही उत्तरं मुलीला मोठ्याने वाचून दाखवली. वरळीच्या दादांची वही तिने दोनदा वाचायला लावली. घाटकोपरच्या मुलीचं वाचून ती स्वतः उठली आणि माळ्यावरून सातवी-आठवीची विज्ञानाची पुस्तकं काढली. गोरेगावच्या ताईंचंही पटलं, म्हणून फ्रिजवर यादी ठेवली आहे, पण आता तिच्यात फक्त स्पेलिंग आहेत.

तीन आठवडे रोज ३ शब्द चालू आहेत. चिठ्ठ्या श्रीखंडाच्या डब्यांत. काल तिला ५४ विचारले, ४१ आले.

'इन्फर'वर तिने लिहिलंय ते मराठीत सांगते: आईची छत्री कोरडी आहे, बाहेर पाऊस आहे, यावरून मी अनुमान काढते की आज आई स्टेशनवरून रिक्षाने आली, म्हणजे तिचे पाय दुखत असणार. हे मी तिला सांगितलं नव्हतं. खरंच दुखत होते.

माटुंग्याच्या बाईंना एक विचारायचं आहे. 'नेव्हरदलेस', 'व्हेअरअ‍ॅज', 'दो' असे जोडणारे शब्द तिला अर्थ सांगून कळतात, पण वाक्यात नेमके कुठे घालायचे ते सुचत नाही. त्यांच्यासाठी 'कडक'सारखं काही आहे का?