मदत हवी आहे: जॉन कार्टरची उडी टेबलावर कशी सांभाळायची?

नमस्कार मंडळी,

आमच्या ग्रुपमध्ये मोडिफियस कंपनीच्या 'जॉन कार्टर ऑफ मार्स' या रोलप्लेइंग खेळाची (टेबलाभोवती बसून आपापलं पात्र खेळायचं) मोहीम सुरू करतोय. नॅरेटर, म्हणजे खेळ चालवणारा, मी आहे आणि एका जागी अडलोय. हा खेळ चालवलेल्यांनी किंवा पृथ्वीवरून मंगळावर गेलेल्या कार्टरची एडगर राइस बरोजची पुस्तकं वाचलेल्यांनी जरूर लिहा.

खेळाडू चार. एकाला पृथ्वीवरूनच आलेला माणूस व्हायचंय. बाकी तिघांत एक थार्क (चार हातांचा हिरवा मंगळवासी), एक हीलियम या मंगळावरच्या नगरीची संशोधक राजकन्या आणि एक तांबड्या मंगळवासीयांतला वैमानिक. भीती अशी, की पृथ्वीवाला उड्या मारत सुटेल आणि बाकीचे बघत बसतील.

पुस्तकात हे खपून जातं. १९१२ साली 'ऑल-स्टोरी' मासिकात ही कथा क्रमशः आली, तेव्हापासून ती कार्टर स्वतःच सांगतो. सगळा प्रकाश त्याच्यावरच असणार. टेबलाभोवती मात्र चौघेही नायक असतात.

मंगळाचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या साधारण ३८ टक्के. हिशेबाने माणूस अडीच पटींहून थोडा जास्त उंच उडेल. बरोज मात्र त्याला ३० फूट वर नेतो आणि १०० फूट लांब उतरवतो! मला ही अतिशयोक्ती हवीच आहे. ती काढली तर बारसूमवर (पुस्तकातल्या मंगळावर) खेळायचं कशाला?

शिवाय उडीपेक्षा मोठी डोकेदुखी म्हणजे मन वाचणं. कार्टरला मंगळवासीयांच्या मनातलं कळतं, त्याच्या मनातलं त्यांना कळत नाही. मंगळाला हवा पुरवणाऱ्या वातावरण-कारखान्याच्या म्हाताऱ्या रखवालदाराच्या मनातून तो दारं उघडायचे नऊ विचार उचलतो. माझ्या मोहिमेत कटकारस्थानं बरीच आहेत. पृथ्वीवाल्याने प्रत्येकाचं मन वाचलं तर रहस्य पहिल्याच बैठकीत संपेल.

नियमपुस्तकात उडीसाठी टॅलेंट (पात्राची खास क्षमता) आहे, तो मी ठेवणार आहे. दोन गुणांची बेरीज करून वीस बाजूंचे फासे टाकायचे, ही पद्धतही सगळ्यांना आवडलीय, त्यामुळे दुसरी सिस्टिम कृपया सुचवू नका. प्रश्न प्रसंग कसे रचायचे याचा आहे.

प्रतिसाद:

छान विषय. १९७४ च्या पहिल्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये वाटेत भेटणाऱ्यांच्या तक्त्यांत थार्क आणि त्यांची स्वारीची जनावरं, थोट, होती, म्हणजे हा नायक आपल्या छंदात पहिल्या दिवसापासून आहे.

उडीबद्दल पुस्तकातच उत्तर आहे. सुरुवातीला कार्टरला धड चालताही येत नाही, पाऊल टाकलं की दोनेक फूट वर जातो आणि दोन-तीन उड्यांनंतर तोंडावर आपटतो. थार्क त्याला उडी मारून दाखवायला लावतात, आणि पुढे पहारा देणाऱ्या दहा पायांच्या वूला या जनावराला उडीने चुकवून तो खिडकीत पोहोचतो, तर तिथे पांढऱ्या वानराच्या हाती सापडतो. म्हणजे उडीने सुटका होईलच असं नाही. मी तळघरं, अरुंद गल्ल्या आणि विमानाचा डेक भरपूर वापरतो. डेकवरून मारलेली उडी चुकली तर परत यायला जागाच नाही. अगदी अचाट उडी हवी असेल तर खेळाडूने मला थ्रेट (नॅरेटरने पात्रांसमोर अडचणी आणायला वापरायचे पॉइंट) द्यायचा. हा माझा घरचा नियम, पण उत्तम चालतो.

मन वाचण्याचं म्हणाल तर, समोरचा बेसावध असेल तेव्हाच ते चालेल असं ठरवा. कारस्थानी माणूस मन झाकायला शिकलेला असतो, आणि कोण झाकतोय हे तुमची राजकन्या ओळखेल. हीलियमची राजकन्या देजाह थोरिस पहिल्या पुस्तकात शास्त्रीय मोहिमेवर असतानाच पकडली जाते, हवेची घनता मोजायला निघाली होती. तुमच्या राजकन्येला तेच काम द्या. वैमानिकाला विमानं आणि दरबारचे रीतिरिवाज, थार्कला चार हात आणि टोळीतलं वजन. पृथ्वीवाल्याला यातलं काहीच येत नाही. पहिल्या बैठकीत त्याला भाषाही येऊ देऊ नका.

धागाकर्ता:

मनापासून आभार. भाषा न येण्याचं डोक्यातच आलं नव्हतं. त्याला बोलायला शिकवायचं काम थार्कच्या खेळाडूकडे देतो, पुस्तकात सोला ही थार्क स्त्री कार्टरला शिकवते तसं. म्हणजे पहिल्या बैठकीपासून दोघांची गाठ पडेल.

आता एकच शंका. बारसूमवर समोरच्याने तलवार उपसली तर उत्तर तलवारीने किंवा त्याहून हलक्या हत्याराने द्यायचं, पिस्तुलाने नाही. आमच्या वैमानिकाकडे रेडियम पिस्तूल आहे आणि त्याचा हात सारखा तिकडेच जातो. हा संकेत मोडला तर तुम्ही थ्रेट वाढवता, की दरबारातली पत घटवता?