दिल्लीची शैक्षणिक सहल: पत्रकावर 'संसद भवन' छापावं का?

नकाशेवाला (धागाकर्ता)

दिवाळीनंतर शाळाशाळांतून दिल्ली सहलीची पत्रकं वाटली जातात. जवळजवळ प्रत्येक पत्रकावर पहिल्या ओळीत 'राष्ट्रपती भवन, संसद भवन, लाल किल्ला' असतं. माझं म्हणणं असं की सहलीच्या तारखा राष्ट्रपती भवनावरून ठरवा आणि 'संसद भवन' पत्रकावर छापूच नका. पास मिळाले तर मुलांना खुशाल न्या, पण आधी कबूल करू नका.

राष्ट्रपती भवनाचं बुकिंग आपल्या हातात असतं. त्यांच्या संकेतस्थळावर तारीख आणि वेळ निवडायची, प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक भरायचा, माणशी ५० रुपये भरायचे. ४० मुलं आणि ४ शिक्षक धरले तर २२०० रुपयांत काम होतं. मुख्य इमारत (सर्किट १) आणि संग्रहालय (सर्किट २) यांचं बुकिंग वेगवेगळं आहे, पैसेही वेगवेगळे, आणि गेटही वेगळं. इथेच बरेच गट फसतात. संग्रहालयाचं गेट क्रमांक ३० मदर तेरेसा क्रेसेंटच्या बाजूला आहे. आवार ३३० एकरांचं. चुकीच्या गेटवर बस रिकामी केली की ४४ जणांना परत चढवून वळसा घालेपर्यंत स्लॉट गेलेला असतो. गेटचा क्रमांक आदल्या रात्रीच चालकाला कागदावर लिहून द्या, तोंडी नको.

संसदेचं तसं नाही. तिथे पास खासदाराच्या शिफारशीवर मिळतो, तोही ठरावीक दिवसाचा आणि ठरावीक वेळेचा. १३ डिसेंबर २०२३ ला प्रेक्षक गॅलरीतून दोघांनी लोकसभेच्या सभागृहात उडी मारून धूर सोडला, तेव्हा पास देणंच थांबवलं होतं. पुढे सुरू झालं ते कडक तपासणीसह. ज्या गोष्टीची चावी दुसऱ्याच्या खिशात आहे ती पालकांना विकायची कशाला?

परिणाम सगळ्यांना माहीत आहे. बस रेल भवनाच्या चौकात जरा हळू होते, गाइड बोट दाखवतो, 'बच्चों, यह संसद भवन', आणि पत्रकावरची ओळ पूर्ण झाली! पत्रक नीट वाचलंत तर कोपऱ्यात बारीक अक्षरात 'बाहेरून' असंही सापडेल.

नागरिकशास्त्र_मॅडम

साफ असहमत. संसद वगळून आठवी-नववीची दिल्ली सहल म्हणजे विठोबाचं दर्शन न घेता पंढरपूरचा बाजार हिंडून येणं. राष्ट्रपती भवन देखणं आहे, ३४० खोल्यांचं आहे, पण मुलं तिथे झुंबरं आणि गालिचे बघतात. कायदा कसा होतो ते तिथे दिसत नाही.

तुम्ही रंगवलाय तो 'राष्ट्रपती भवन की संसद' हा पेचही खरा नाही. वारांचा हिशोब मांडा. सोमवारी राष्ट्रपती भवन, लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय, कमळ मंदिर, अक्षरधाम, सगळं बंद. सहल कंपन्या सोमवारी मुलांना खरेदीला सोडतात नाहीतर आग्र्याला पळवतात. अधिवेशन चालू असेल तर संसद मात्र सोमवार ते शुक्रवार भरते. म्हणजे सोमवार संसदेला द्यायचा आणि मंगळवार राष्ट्रपती भवनाला. पास नाहीच मिळाले तर सोमवारी कुतुबमिनार, हुमायूनची कबर आणि राष्ट्रीय युद्ध स्मारक उघडी असतातच, दिवस वाया जात नाही. पहिल्या दोन्ही ठिकाणी १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, स्मारक सगळ्यांनाच मोफत.

हिवाळी अधिवेशन साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात असतं, म्हणजे नेमकं आपल्या सहलींच्या दिवसांत. याउलट ज्याचं एवढं कौतुक होतं ते अमृत उद्यान फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडतं. तेव्हा आपल्याकडे परीक्षा.

लाल_फीत

खासदाराच्या कार्यालयात अर्ज कुठे अडतो ते सांगतो, मग भांडा.

शिफारस करताना खासदाराला लिहून द्यावं लागतं की या व्यक्तीला मी व्यक्तिशः ओळखतो आणि तिची पूर्ण जबाबदारी माझी. २०२३ नंतर ही ओळ कोणी डोळे मिटून लिहीत नाही. ४४ अनोळखी नावांची यादी आणि वर 'कृपया सहकार्य करावे' एवढंच असेल तर स्वीय सहायक ती फायलीच्या तळाशी सरकवतो, आणि त्याचं काही चुकत नाही. पत्र मुख्याध्यापकांच्या लेटरहेडवर हवं, त्यावर शाळेचा यू-डायस (सरकारी ओळख) क्रमांक, सोबत जाणाऱ्या शिक्षकांचे मोबाइल, आणि दोन पर्यायी तारखा. एकच तारीख दिली की उत्तर 'नाही' यायला सोपं जातं.

दुसरी अडचण नावांची. शाळेच्या हजेरीपटावर 'कदम आर्यन संतोष' आणि आधारवर 'आर्यन संतोष कदम'. यादी हजेरीपटावरून उतरवली की गेटवर एकेक नाव जुळवत बसावं लागतं. यादी आधारवरूनच टंकित करा, स्पेलिंगसकट. आणि फोटो बघा. कित्येक मुलांच्या आधारवर अजून पाच वर्षांचं असतानाचा फोटो असतो, समोर उभा मिसरूड फुटलेला नववीचा मुलगा. शाळेचं फोटो आणि शिक्का असलेलं ओळखपत्र सोबत ठेवलं की प्रश्न मिटतो.

गॅलरीत १० वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. चौथीची सहल असेल तर ही सगळी चर्चाच विसरा.

अजून एक. सगळे लोकसभेच्या खासदाराच्याच मागे लागतात. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ खासदार आहेत, तसे राज्यसभेत १९, आणि राज्यसभेलाही गॅलरी आहे.

नकाशेवाला

@मॅडम, सोमवारचा मुद्दा बिनतोड आहे, तेवढा घेतला. पण आत गेल्यावर काय दिसतं तेही बोला. पास साधारण तासाभराचा. ११ वाजता लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो, ११ वाजून ४ मिनिटांनी गदारोळ, ११ वाजून ६ मिनिटांनी कामकाज दुपारपर्यंत तहकूब. मुलांनी सहा मिनिटं घोषणा ऐकल्या आणि रिकाम्या बाकांकडे बघत बाहेर आली. या सहा मिनिटांसाठी तीन आठवडे पत्रव्यवहार?

नागरिकशास्त्र_मॅडम

तहकुबी हाही धडाच आहे, वहीत लिहून घ्यावा असा. पण सकाळचीच वेळ मागा असं सांगितलं कोणी? सोमवारची सकाळ नको असेल तर शुक्रवारी दुपारी मागा. लोकसभेत शुक्रवारचे शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांच्या, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांच्या, विधेयकांना आणि ठरावांना असतात. सभागृह निम्मं रिकामं असेल, पण बोलणारा सदस्य तयारी करून आलेला असतो, आरडाओरडा कमी, आणि मुलांना वाक्यं ऐकू येतात. राज्यसभेचं वेळापत्रक उलटं आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. तिथे ११ ला शून्य प्रहर (तातडीचे मुद्दे मांडायची वेळ) आणि १२ ला प्रश्नोत्तराचा तास.

शिवाय खासदार हा एकच दरवाजा नाही. लोकसभा सचिवालयाची 'प्राइड' ही प्रशिक्षण संस्था शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासभेटी घेते. शाळेने थेट लिहायचं, यादी जोडायची. सहल डिसेंबरात असेल तर पत्र गणपतीच्या सुट्टीआधी गेलं पाहिजे. आपल्याकडे ते सहामाही परीक्षेनंतर आठवतं, मग खापर दिल्लीवर.

बसचा_हिशोब

दोघंही घड्याळ विसरताय.

धातुशोधकाच्या एका चौकटीतून माणशी २० सेकंद धरा. ४४ जणांना १५ मिनिटं. त्यात प्रत्येकाच्या खिशातून नाणी, पट्ट्याचं बक्कल, चॉकलेटचा चंदेरी कागद निघाला की २५. मोबाइल, कॅमेरा, दप्तर, पाण्याची बाटली यांतलं काही संसदेच्या गॅलरीत नेता येत नाही. गेटवर जमा करायला गेलात तर जमा करताना एक रांग आणि परत घेताना दुसरी. त्यापेक्षा सगळ्यांचे फोन बसमध्येच कापडी पिशवीत काढून घ्या, आणि एक शिक्षक आत जाणारच नाही असं आधीच ठरवा. पिशव्या, बाटल्या आणि ऐन वेळी पोट दुखणारं एक पोर, तिन्ही त्याच्याकडे. त्याचं नाव यादीत घालू नका, म्हणजे पासही वाया जात नाही.

एका दिवसात कडक तपासणीच्या दोनच इमारती. तिसरी घेतलीत की दुसरीचा स्लॉट बुडालाच म्हणून समजा.

रेल्वेने येणार असाल तर उतरायच्या दिवशी कुठलंच वेळेचं बुकिंग करू नका. डिसेंबर-जानेवारीत मथुरेपुढे धुकं धरलं की गाडी चार-सहा तास मागे पडते, आणि राष्ट्रपती भवनाचा स्लॉट तुमच्या गाडीसाठी थांबत नाही. बस महाराष्ट्रातून नेणाऱ्यांनी तर आणखी सांभाळा. प्रदूषण वाढलं की बाहेरच्या राज्यांतल्या जुन्या डिझेल बस दिल्लीत येऊ देतीलच याची खात्री नसते. बीएस-६ (नव्या प्रदूषण मानकाची), सीएनजी नाहीतर विजेवरची बस हवी. बसचं नोंदणीपत्र आधी बघा, मग आगाऊ रक्कम द्या.

जानेवारीचा दुसरा पंधरवडा तर टाळाच. संचलनाच्या तालमी चालू असतात, २३ ला रंगीत तालीम, २६ ला संचलन, २९ ला विजय चौकात बीटिंग रिट्रीट. तोवर कर्तव्य पथाच्या आसपासचे रस्ते कधी बंद होतील याचा नेम नसतो.

आणि राष्ट्रपती भवन 'आपल्या हातात' वगैरे म्हणू नका. परदेशी पाहुणा आला की समोरच्या प्रांगणात त्याचं स्वागत होतं, आणि त्या दिवशीच्या भेटी रद्द होऊ शकतात. बुकिंग करताना दिलेल्या मोबाइलवर निरोप येतो. तो मोबाइल शाळेच्या कारकुनाचा असतो, कारकून गावात, आणि मुलं दिल्लीत गेटवर.

वऱ्हाडी_ठसका

एवढा खटाटोप करून दिल्लीच कायले पाहिजे भाऊ? डिसेंबरात नागपूरले विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असते. १९५३ च्या नागपूर करारातच आहे ते. विधानसभेत २८८, परिषदेत ७८ आमदार. पास आमदाराकडून मिळते, अन् आमदार गावातल्याच लग्नात भेटते. भाषणं मराठीत, पोरायले कळतात. यवतमाळ-वर्ध्याच्या शाळेले सकाळी निघून रात्री घरी येता येते.

नागरिकशास्त्र_मॅडम

@वऱ्हाडी, विदर्भातल्या शाळांपुरतं मान्य. रत्नागिरीच्या शाळेला नागपूरही परदेशच.

मूळ मुद्द्यावर येते. संसदेचे पास नाही मिळाले तर आपण मुलांना लाल किल्ल्यात आणखी दोन तास सोडतो. त्याऐवजी २६, अलीपूर रोडला न्या. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले ते याच जागी. २०१८ मध्ये तिथे उघड्या संविधानाच्या पुस्तकाच्या आकाराचं राष्ट्रीय स्मारक उभं राहिलं. सिव्हिल लाइन्स मेट्रो स्थानक जवळ आहे, पिवळी मार्गिका. तिथून केंद्रीय सचिवालय हे सातवं स्थानक, गाडी बदलायची नाही. संविधान सभा जिथे भरली ती जुनी गोल इमारत, आताचं संविधान सदन, बाहेरून पाहायची आणि आतलं सगळं अलीपूर रोडला समजावून सांगायचं. फक्त हेही सोमवारी बंद.

युद्ध स्मारकात परमवीर चक्र विजेत्यांचे २१ अर्धपुतळे आहेत. बहुतेक गट अमर ज्योतीपाशी फोटो काढून तिथूनच परत फिरतात. त्या पदकाचं रेखाटन सावित्रीबाई खानोलकरांनी केलं, एवढं एक वाक्य आधी सांगून ठेवलंत तर मुलं स्वतःहून पुतळ्यांपर्यंत चालत जातात.

लाल_फीत

मॅडमची बाजू पटते, पण 'शुक्रवारी दुपारी मागा' हे पत्रात लिहितानाच कारण लिहा. नुसतं 'शुक्रवार' दिसलं की सोयीचा वार म्हणून बदलून टाकतात. 'खासगी सदस्यांचे कामकाज पाहण्यासाठी' असे शब्द असले की वाचणाऱ्याला कळतं, शाळेने अभ्यास केलाय. आणि ४४ जण एका दमात मागू नका. एका सहीवर अख्खा वर्ग आत जात नाही. ११-११ चे चार गट पाडा, वेगवेगळ्या खासदारांकडे द्या. एक गट आत असताना बाकीचे युद्ध स्मारकात.

बसचा_हिशोब

चार गट म्हणजे प्रत्येक गटाबरोबर एक शिक्षक आत आणि पिशव्या सांभाळायला एक बाहेर. चार शिक्षकांत भागत नाही, पाचवा न्या. मुलींचे गट असतील तर त्यांच्यासोबत शिक्षिका हवीच. हा खर्च आधीच माणशी रकमेत धरा, नंतर मागायला गेलं की पालक पावती मागतात.

नकाशेवाला

ठीक. वार सोमवारच धरतो आणि पत्रकावरची ओळ बदलतो: 'सोमवार: संसद भवन (पास मिळाल्यास), अन्यथा कुतुबमिनार व युद्ध स्मारक.'

नागरिकशास्त्र_मॅडम

कंसातलं एकही पालक वाचत नाही. 'पास मिळाल्यास' कंसाबाहेर काढा, आणि ओळीच्या सुरुवातीला घ्या.