मदत हवी आहे: फोटो वारसाला मिळावेत, घड्याळातली आरोग्यनोंद नको

ॲपलच्या लेगसी कॉन्टॅक्टने (आपल्यामागे खातं उघडण्यासाठी आपण आधीच नेमलेली व्यक्ती) ॲक्सेस की, म्हणजे नेमताना मिळालेला कोड, आणि मृत्यूचा दाखला दिला की फोटो, मेसेजसोबत हेल्थचा डेटाही खुला होतो. म्हणजे घड्याळाने टिपलेले हृदयाचे ठोके, झोप, मासिक पाळी, सगळंच. कीचेनमधले (ॲपलच्या पासवर्डसाठवणीतले) पासवर्ड, पेमेंटची माहिती आणि विकत घेतलेली गाणी, चित्रपट, पुस्तकं वगळली जातात. फोटो द्या आणि हेल्थ गाळा, अशी निवड तिथे नाही. हीच खरी अडचण. गूगलच्या इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजरमध्ये (खातं बराच काळ वापरलं नाही तर त्याचं काय करायचं ते ठरवायची सोय) निदान कोणाला काय द्यायचं ते ठरवता येतं.

आयक्लाउडमध्ये (ॲपलच्या ऑनलाइन साठवणीत) हेल्थ बंद केलं, तरी आयक्लाउड बॅकअपमधून ती नोंद वारसाकडे जाते का? की बॅकअपही बंद करून तो संगणकावर घ्यावा? तोही एन्क्रिप्टेडच (पासवर्डने कुलूपबंद) हवा, नाहीतर हेल्थ त्यात येतच नाही. कोणी तपासलं असेल तर कृपया पायऱ्यांसह सांगा.