‘अमीर’ला मराठीत काय म्हणावे?

पानवही: सय्यद अबुल आला मौदूदींवरची एक उर्दू नोंद मराठीत आणते आहे. जन्म १९०३, औरंगाबाद, तेव्हाचं निझामाचं राज्य. १९४१ साली लाहोरला जमात-ए-इस्लामी स्थापन केली आणि १९७२पर्यंत तिचे ‘अमीर’ राहिले. मी ‘जमातीचे पहिले अमीर’ लिहिलं, तर मैत्रिणीने विचारलं, कुठली जमात, आणि एवढे श्रीमंत होते का? ‘अध्यक्ष’ करू?

शुद्धलेखणी: अध्यक्षच करा. आपला शब्द असताना उसना कशाला?

रोशनगेट: अध्यक्षाने अर्थ पातळ होतो. अमीर अरबी ‘अम्र’वरून, म्हणजे हुकूम. त्यांच्या पक्षात भांडण झालं तेच मुळी या शब्दाच्या वजनावरून! १९५७ला माछी गोठच्या अधिवेशनात निवडणुका लढवायच्या का, यावर खडाजंगी झाली. त्याच काळात अमीर मोठा की शूरा, म्हणजे सल्लागार मंडळ, हाही वाद पेटला आणि अमीन अहसन इस्लाहींसारखे जुने सोबती बाहेर पडले. अध्यक्षाच्या अधिकारावरून इतकं तुटत नाही. आणि श्रीमंतीचा संबंधच नाही. आमच्या गल्लीतले पंक्चरवाले चाचा तब्लिगींबरोबर चिल्ल्याला, म्हणजे चाळीस दिवसांच्या धर्मप्रचाराच्या फेरीला, गेले की त्या गटाचे अमीर असत.

शुद्धलेखणी: तब्लिगी जमात वेगळी, मौदूदींची वेगळी.

रोशनगेट: वेगळीच. शब्द मात्र तोच.

बखरवाचक: मग आपला ‘अंमल’ही हुकमातलाच!

रोशनगेट: नाही. अरबीत अमल ‘ऐन’ या अक्षराने सुरू होतो, अमीर ‘अलिफ’ने. ‘अमीर-उमराव’ घ्या, उमरा हे अमीरचंच अनेकवचन. तिथे अर्थ सरदार.

बखरवाचक: तर ‘श्रीमंत’सुद्धा तसाच की! श्रीमंत पेशवे म्हणताना कोण पैसे मोजतं? पदवी होती, आता पैसेवाला उरला.

पानवही: हे फार आवडलं. आणखी एक अडतंय. ‘इस्लामी नेते’ लिहू की ‘इस्लामवादी’?

दक्खनी: इस्लामवादी. मौलाना आझाद मुस्लीम नेते होते, पण राज्याची सार्वभौमता अल्लाची आणि कायदा शरियतचा, हे त्यांचं राजकारण नव्हतं. मौदूदींचं तेच होतं. १९५३ला अहमदिया पंथाविरुद्धच्या पुस्तिकेवरून पाकिस्तानात लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली, पुढे ती कमी झाली, १९५५ला सुटले. मतांत मात्र पक्ष चालला नाही: १९७०च्या निवडणुकीत तिथल्या राष्ट्रीय असेंब्लीत चारच जागा.

शुद्धलेखणी: ‘वादी’ लावला की आरोप वाटतो.

दक्खनी: गांधीवादी, समाजवादी हे आरोप आहेत का?

शुद्धलेखणी: बरं, ‘जमात’ तरी बदला. वाचकाला अनुसूचित जमातच आठवणार.

रोशनगेट: नाव कसं बदलणार? आणि जमात परकी असेल तर जमा, जमाव, जमाबंदी सगळंच काढा. एकाच घरचे आहेत.

बखरवाचक: जमीनजुमल्यातला जुमलाही त्यांच्यातलाच.

रोशनगेट: त्याची मूळ अरबी अक्षरं जीम-मीम-लाम, वेगळा.

बखरवाचक: आमचे आजोबा ‘जमीनजुमा’च म्हणायचे. तलाठ्यासमोरही.