फ्रान्सच्या आल्सास प्रांतात एकच वाइन-घराणं बघायचं तर कुठलं?

मीठभाकर:
सप्टेंबरअखेर कामानिमित्त स्ट्रासबुर्गला जातेय. एक दिवस मोकळा आहे, गाडी नाही. पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबाकडे असलेलं घराणं बघायचंय. आणि हे जे 'तेरुआर, तेरुआर' म्हणतात, म्हणजे जागेची माती-हवा वाइनच्या चवीत उतरते, ते जिभेला खरंच कळतं का? नवऱ्याच्या मते सगळी विकायची नाटकं.

रानवाट:
डोळे मिटून रिबोविलेचं ट्रिंबाख. १६२६ पासून त्याच घराण्यात. कोल्मार शहराहून बस मिळते, फक्त रविवार टाळा. त्यांची साधी रीसलिंग (त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन) आणि 'क्यूवे फ्रेडरिक एमिल' शेजारी शेजारी ठेवून चाखा. द्राक्ष तेच, दोन्ही कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या. पण एमिल गावामागच्या गाइसबर्ग आणि ऑस्टरबर्ग या उतारांवरची. नवऱ्यालाही पाजा.

द्राक्षबागाईतदार:
रानवाट, एमिल बाटलीत बरीच वर्षं मुरवूनच बाहेर काढतात. मग फरक जमिनीचा की वयाचा?
मी नाशिकचा, बागेतच वाढलो. दगडाची चव मुळांतून थेट घडात चढते यावर माझा विश्वास नाही. जमीन पाणी किती धरते, निचरा कसा होतो, उताराला ऊन किती लागतं, त्यावर घड कसा पिकतो ते ठरतं. आल्सासमध्ये पश्चिमेकडचे ढग व्होज डोंगर अडवतो, म्हणून कोल्मार फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांत मोडतं. त्यात ऱ्हाइनचं खोरं खचताना खडकांचे थर असे फाटले की चार पावलांवर माती बदलते: इथे चुनखडी, तिथे ग्रॅनाइट, थेट दक्षिणेला तान गावच्या रांगेन उतारावर ज्वालामुखीचा खडक. ताई, चाखण्याआधी बागेतून चाला.

रानवाट:
वयाचा मुद्दा मान्य. मग रिबोविलेहून यूनावीरला पायी जा. तिथल्या रोझाकर उतारावर ट्रिंबाखचा 'क्लो सेंत यून' हा जेमतेम पावणेदोन हेक्टरांचा तुकडा आहे, चुनखडीचा. बाटली घेऊ नका, पगार जाईल. तुकडा बघायला पैसे पडत नाहीत.

मीठभाकर:
चालायचं नक्की! आधी कळवावं लागतं का?

रानवाट:
हो, मेल टाका. तो तोडणीचा हंगाम, घरातली माणसं शेतात असतात. आणि एक साधी रीसलिंग घरी आणाच, सुरमई फ्रायसोबत झकास लागते.