मदत हवी आहे : आजोबांचं जुनं रिव्हॉल्व्हर आताच्या काडतुसांनी चालवावं का?

मंडळी, मी नाशिकचा, पंचवटीत राहतो. आजोबांचं मधून मोडून उघडणारं .३२ चं जुनं रिव्हॉल्व्हर वारसाहक्काने माझ्याकडे आलंय, लायसन्स नावावर झालंय, आता रेंजवर नेऊन चालवावं असं फार वाटतंय पण धीर होत नाही.

माझ्या वाचनात असं आलं की .३२ चं आखूड काडतूस १८७८ चं, काळ्या दारूचं, आणि .३२ लाँग १८९६ पासूनचं. आताची बिनधुराची दारू, तिचा दाब जुन्या मऊ लोखंडाला झेपेलच असं नाही, आणि चेंबर (सिलिंडरमधलं काडतूस बसायचं भोक) आरपार एकसारखं असलं तर लाँग आत बसतंसुद्धा, म्हणजे बसलं म्हणून चालतं असं अजिबात नाही. बॅरलखाली बारीक शिक्के आहेत पण घासलेत, 'नायट्रो प्रूव्ह्ड' (म्हणजे बिनधुराच्या दारूसाठी तपासल्याचा शिक्का) कुठेच दिसत नाही. घोडा पूर्ण ओढून धरला तरी सिलिंडर किंचित हलतो, मोडणारा भाग बंद धरणारी वरची खिट्टीही सैल वाटते, मला तरी ही लक्षणं बरी वाटत नाहीत.

नाशिक किंवा पुण्यात जुन्या हत्यारांचा जाणकार, लायसन्सवाला गनस्मिथ कुणाला माहितीये का? खिट्टी घट्ट करून भागेल, की चालवायचा नादच सोडू? फोटो कुठल्या भागाचे टाकू तेही सांगा प्लीज.