परत नेट बंद झालं तर त्याची सरकारी ऑर्डर मागायची का नाही?

गंगावेसकर:
आपल्या कोल्हापुरातलं जून २०२३ चं आठवतंय न्हवं? सोशल मीडियावरच्या स्टेटसवरनं पेटलं, शिवाजी चौकात गर्दी, लाठीचार्ज आणि मग जिल्ह्याचं इंटरनेट बंद. त्यावेळी बंद करणं गरजेचं असेलही, त्यावर माझं भांडण नाही. पण सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या नेटबंदीच्या केसमध्ये, पत्रकार अनुराधा भसीन यांच्या, स्पष्ट सांगितलंय की असली ऑर्डर जाहीर करायची, म्हणजे ज्याला पटत नाही तो कोर्टात जाऊ शकतो. बेमुदत बंद तर चालतच नाही. मग दर वेळी ऑर्डर कारणासकट लोकांसमोर आली पाहिजे, एवढंच मागतोय.

राजारामपुरी_०७:
भावा, माझा थोरला भाऊ पोलिसात हाय. बंदोबस्त लागला की घरात जेवणाचा टाइम राहत नाही, आई रात्रभर फोन लावत बसते. दगड समोरनं येत असताना कोण कारणं लिहीत बसणार? एक फॉरवर्ड पाच मिनिटात अख्ख्या गावात फिरतोय. २६/११ ला तुकाराम ओंबळेंनी नुसत्या लाठीवर कसाबची बंदूक धरून ठेवली, जीव गेला त्यांचा. अशा माणसांवर आधी विश्वास ठेवा, मग हिशोब मागा.

गंगावेसकर:
ओंबळेंचं नाव घेतलं की मान खालीच जाते दादा. पण नेट बंद करायची सही चौकातला हवालदार करत नाही, ती वर मंत्रालयात होते. मी हिशोब त्या सहीचा मागतोय, तुझ्या भावाचा नाही.

बिंदूचौक_ताई:
यात एक गोष्ट कुणी बोलेना. १६ फेब्रुवारी २०१५ ला कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे अण्णांवर आपल्याच गावात गोळ्या झाडल्या, २० तारखेला ते गेले. तपास एसआयटीकडं, म्हणजे विशेष तपास पथकाकडं होता, २०२२ मध्ये हायकोर्टानं एटीएसकडं, म्हणजे दहशतवादविरोधी पथकाकडं दिला, आणि तो का, तर घरचे आणि लोक विचारत राहिले म्हणून. ते पोलिसांच्या विरोधात होते का? उलट तपास नीट व्हावा, पोलिसांनी जास्त काम करावं असंच मागत होते. प्रश्न विचारणाऱ्याला लगेच पोलिसविरोधी म्हणायची सवय लागलीय ना, ती मला खरंच भीतीदायक वाटते.

राजारामपुरी_०७:
ताई, अण्णांच्या बाबतीत तुमचं शंभर टक्के मान्य. पण तो तपास होता, दंगल नव्हे. आणि हक्क हक्क म्हणता, ज्याचं दुकान फुटलं त्याला हक्क नाही काय?

बिंदूचौक_ताई:
आहे की! आणि त्याच आठवड्यात ज्याचं यूपीआय बंद पडलं त्या भाजीवालीला पण आहे, तिनं तर कसलंच स्टेटस ठेवलं नव्हतं. शिवाय डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रत्येक पोलिस ठाण्यात आवाजासकट सीसीटीव्ही लावा, रेकॉर्डिंग शक्यतो १८ महिने ठेवा असं सांगितलंय. कोठडीत मारलं म्हणून खोटा आरोप झाला तर तुमच्या भावाला तेच फुटेज वाचवेल, आणि खरंच मारलं असेल तर आतल्याला.

राजारामपुरी_०७:
कॅमेऱ्याला माझी ना नाही, भाऊपण तेच म्हणतो. पण नेटची ऑर्डर त्याच दिवशी कारणासकट टाकायची हे मला पटत नाही, खबर कुठनं आली ते फुटलं तर परत कोण खबर देणार? आठ दिवसांनी टाका.

गंगावेसकर:
खबऱ्याचं नाव कोण मागतंय? किती वाजल्यापासनं किती वाजेपर्यंत, कुठल्या तालुक्यात, कशासाठी आणि कुणाच्या सहीनं, एवढं त्याच दिवशी पाहिजे. आठ दिवसांनी कोर्टात जाऊन काय करू, तोवर नेट चालू झालेलं असतंय.